आईचा उजवा खांदा

२० जानेवारी

ताई,

तुझा पत्ता मावशीकडून मिळाला. तिने तो सहजासहजी दिला नाही. आधी चहा पाजला, मग उलटतपासणी घेतली आणि शेवटी म्हणाली, भांडायला लिहिणार असशील तर नको. मी भांडायला लिहीत नाहीये. फोन मुद्दामच केला नाही. माझा आवाज ओळखलास की तू गप्प होतेस, आणि गप्प माणसाशी मला बोलता येत नाही. कागद निदान माझं संपेपर्यंत ऐकून घेतो.

आईचा उजवा खांदा निखळला. घाबरू नकोस, बसवला आहे. लाँड्रीत मशीनमधून ओल्या चादरी काढून ढकलगाडीत टाकत होती. फरशीवर पाणी होतं, पाय सरकला. पडता पडता तिने गाडीची दांडी धरली. गाडी चाकांची, ती पळाली. आई खाली आणि हात वर, मागे पिळला गेलेला. खांद्याचा गोळा खोबणीतून पुढे निसटला.

तिच्याबरोबरच्या बायकांनी तिला मी नोकरी करते त्याच हॉस्पिटलात आणलं. मी वरच्या मजल्यावर एका आजोबांना जिना चढायला शिकवत होते. निरोप आला तशी त्यांना शेवटच्या पायरीवर सोडून धावले. खांद्याची गोलाई गेली होती, तिथे टेबलाच्या कोपऱ्यासारखं टोक आलं होतं. डाव्या हाताने उजवं कोपर धरून ती बसली होती, तोंडावर घाम. मला बघितलं आणि म्हणाली, "तुमचं काम टाकून कशाला आलात?"

तुम्ही. पोटच्या मुलीला. आजूबाजूला नर्स होत्या ना, म्हणून.

हाडांच्या डॉक्टरांनी भूल देऊन हात हळूहळू ओढत गोळा जागेवर नेला. यात जोर लावायचा नसतो. स्नायू सैल पडायची वाट बघायची असते. मग एक्स-रे काढला. खोबणीच्या पुढच्या कडेचा एक छोटा कपचा उडालेला दिसला. डॉक्टर म्हणाले, कपचा जागेपासून फार हललेला नाही, तीन आठवडे हात झोळीत ठेवू, मग व्यायाम. गोळा पुन्हा सरकला नाही तर ऑपरेशन लागणार नाही. सरकत असेल तर मात्र लवकर कळायला हवं, कारण उशीर झाला की तो तुकडा झिजतो आणि खोबण कायमची अपुरी राहते.

व्यायामासाठी आईला आमच्या फिजिओथेरपी विभागात यायचंय. आमच्या मोठ्या बाईंचा, म्हणजे विभागप्रमुखांचा, नियम आहे की घरच्या माणसावर आपण उपचार करायचा नाही, दुसऱ्याकडे द्यायचं. मी म्हटलं, मी करीन. त्या म्हणाल्या, विचार कर. मी म्हटलं, केला. बाई, मी हे शिक्षण घेतलं ते कशासाठी? आयुष्यभर ओल्या चादरी उचलून जिने मला शिकवलं तिच्या खांद्याला दुसऱ्याने हात लावायचा आणि मी बघत बसायचं? बाईंनी फार ताणलं नाही.

कळवायचं म्हणून कळवलं. तुझ्या बस चालवायच्या पाळ्या सोडून यायची गरज नाही. सगळं माझ्या हातात आहे.

तुझी धाकटी


१० फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर नाही. नसेना.

झोळी निघाली. आई माझ्याकडे रोज येते, वेळेच्या आधी येऊन बाकावर बसते आणि शेजारच्या रोग्यांना सांगते की आत ज्या मॅडम आहेत त्या आमच्या. एका बाईंनी विचारलं, आमच्या म्हणजे? तर म्हणाली, "घरच्याच." मुलगी म्हणायला तिची जीभ वळत नाही, जणू तसं म्हटलं तर माझ्या पांढऱ्या कोटावर डाग पडेल.

तुला खांदा समजावून सांगते. खुब्याचा सांधा वाटीसारखा खोल असतो, गोळा आत गच्च बसतो. खांद्याची खोबण मात्र बशीसारखी उथळ असते. म्हणूनच हात सगळीकडे फिरतो आणि म्हणूनच निसटतो. बशीच्या काठाला कूर्चेची एक मऊ कड असते, ती गोळ्याला अडवते. गोळा जोरात बाहेर पडला की ही कड फाटते, कधी तिच्याबरोबर हाडाचा कपचाही निघतो. आईचं हेच झालं. आता भोवतीच्या स्नायूंना राखणदारी शिकवायची. ते तयार झाले आणि कपचा जागेवर जुळला तर निभावेल.

मी तिला रोज विचारते, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सहन होत नाही, आज किती? ती म्हणते, दोन. कालही दोन. पहिल्या दिवशी झोळी काढली तेव्हाही दोन. माझ्या सहकाऱ्याकडे, त्याला आम्ही पैलवान म्हणतो, त्याच्याकडे येणारे रोगी सातच्या खाली उतरत नाहीत. तो म्हणाला, तुझी आई लोखंडाची आहे. मला अभिमान वाटला. खरंच वाटला.

एक गोष्ट मागच्या पत्रात लिहिली नव्हती. खांदा बसवल्यावर आई भुलीतून जागी होत होती तेव्हा मी उशाशी होते. डोळे मिटलेलेच होते, आणि ती म्हणाली, "कुठे उलथली होतीस गधडे इतका वेळ?" मी म्हटलं, आई, मी आहे. तिने डोळे उघडले. मला ओळखलं. मग डाव्या हाताने अंगावरची चादर सारखी केली आणि म्हणाली, "बाळा, तू जेवलीस का?"

गधडी तू आहेस. मी बाळ आहे. हे काही नवीन नाही, पण त्या दिवशी पहिल्यांदा मोजमाप घेतल्यासारखं समोर आलं. चार वर्षं तू या घरात पाऊल ठेवलं नाहीस. घर सोडलंस तेव्हा मी काय बोलले ते आता काढत नाही, तूही काही कमी बोलली नव्हतीस. गेलीस ती गेलीस. आणि भुलीतून वर येताना तिला सापडलीस तू.

असो. हात खांद्याच्या रेषेपर्यंत वर जातोय.


२१ फेब्रुवारी

ताई,

आनंदाची बातमी द्यायला लिहितेय, म्हणजे पत्र आनंदाचं व्हायला हवं. बघू.

आज आईची मोठी तपासणी होती. रोग्याला पाठीवर झोपवायचं, हात बाजूला घेऊन कोपरात वाकवायचा आणि चेंडू फेकायला नेतो तसा हळूहळू मागे फिरवायचा. खोबणीची कड नीट जुळली नसेल तर या जागी गोळा पुढे सरकायला बघतो. गंमत अशी की ही परीक्षा खांद्याकडे बघून करायची नसते. चेहऱ्याकडे बघायचं. दुखतंय का हा प्रश्नच नाही, माणूस घाबरतो का हे बघायचं. आता निसटणार, ही भीती रोग्याला आपल्या आधी कळते. कपाळ आक्रसतं, दुसरा हात आपोआप मदतीला येतो.

मी आईचा हात मागे नेला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघून हसत होती.

थोडा आणखी नेला. हसतच होती. बक्षीस समारंभात पहिल्या रांगेत बसून हसायची ना, अगदी तशी. मी नोंद केली, भीती नाही. डॉक्टरांनी नोंद वाचली आणि म्हणाले, उत्तम, मग स्कॅनचा खर्च कशाला, महिन्याने लाँड्रीत टॉवेलच्या घड्या घालण्याइतकं हलकं काम सुरू करू दे. मोठ्या बाईसुद्धा म्हणाल्या की इतका गुणी रोगी त्यांनी पाहिला नाही.

गुणी. बरोबर आहे. आई माझ्याशी नेहमीच गुणी असते. मी भांडी घासायला घेतली की हातातून काढून घेते. भाजीत मीठ जास्त पडलं तर माझी माफी मागते. मी तिला काही सुचवलं की मान डोलावते. ताई, तुला आठवतं, तू गल्लीतल्या मुलांबरोबर खेळताना समोरच्यांची काच फोडलीस तेव्हा आई चप्पल घेऊन टेबलाभोवती तुझ्यामागे धावली होती? तू हसत होतीस, ती शिव्या देत होती, मग तिलाच हसू फुटलं आणि दोघी एकाच ताटात जेवायला बसलात. मी तेव्हा आतल्या खोलीत परीक्षेचा अभ्यास करत होते. मला आवाजाचा त्रास नको म्हणून आईने मधलं दार लावून घेतलं होतं. ते दार माझ्यासाठीच लावलं होतं हे मला कळत होतं. पण हसणं दाराच्या त्या बाजूला होतं.

तू म्हणशील, पदवी तुला मिळाली, खुर्ची तुला मिळाली, आता माझ्या वाट्याची चप्पलही हवी का? हो. हवी.

आनंदाची बातमी एवढीच, की आईचा खांदा मी बरा केला. ऑपरेशनशिवाय. माझ्या हातांनी. हे तुला माहीत असावं.


२ मार्च, रविवार

ताई,

अक्षर वाकडं आलं तर चालवून घे.

रविवारी सकाळी मी लाँड्रीतल्या आणि गोदामातल्या बायकांसाठी वर्ग घेते, पैसे न घेता. ओझं अंगाजवळ धरून कसं उचलावं, खांदा कसा वाचवावा. फळ्यावर मी सर्वांत वर एक वाक्य लिहिते, दुखणं लपवू नका. आज सभागृहाला कुलूप होतं, किल्लीवाला आलाच नाही, म्हणून लवकर घरी आले. दार नुसतं लोटलेलं होतं. आई स्वयंपाकघरात फोनवर बोलत होती.

मला वाटलं, कुणा बाईशी वाद चाललाय. कारण असा आवाज तिने माझ्यासमोर कधी काढलेला नाही. "गप गं, तुला काय कळतंय? बस चालवतेस, हॉस्पिटल नाही चालवत," असं ती म्हणाली, आणि मी चपला काढता काढता तशीच थांबले.

दर रविवारी, ना? मी वर्गाला गेले की. चार वर्षं. मी घरी येते तेव्हा ती मला विचारते, वर्गाला किती जणी होत्या, आणि मी फुशारकीने आकडा सांगते. तोवर तुमचं भांडून, हसून, रडून झालेलं असतं. म्हणजे माझं पहिलं पत्र तुला मिळालं तेव्हा तुझ्यासाठी ती बातमी शिळी होती.

पुढचं ऐकलं ते लिहिते, म्हणजे मी किती ऐकलं याचा तुला अंदाज येईल. ती तुला सांगत होती की केस विंचरायला हात वर घेतला की गोळा पुढे घसरतो. कपाटाचं दार ओढलं तरी घसरतो. मग ती भिंतीला पाठ लावून उभी राहते आणि डाव्या हाताने दाबून तो परत आत घालते. सांगताना हसत होती. भाजीवाल्याने कसं फसवलं ते सांगावं, त्या सुरात. तू बहुतेक तिकडून ओरडलीस, कारण ती म्हणाली, "तिला एक अक्षर बोलायचं नाही, सांगून ठेवते. तिची नोकरी नवीन आहे. माझाच हात बरा झाला नाही तर लोक तिला काय म्हणतील?"

मी चपला परत घातल्या आणि बाहेर गेले. कोपऱ्यावरच्या दुकानात काही न घेता उभी राहिले. नेहमीच्या वेळेला घरी आले. ती म्हणाली, किती जणी होत्या? मी म्हटलं, बऱ्याच होत्या.

तुझ्यावर मी किती चिडले आहे हे मला नीट लिहिता येणार नाही. तुला माहीत होतं. गोळा सरकतोय हे तुला माहीत होतं, आणि उपचार मी करत होते. एक ओळ लिहायला काय झालं होतं? आईने शपथ घातली म्हणून? तिच्या किती शपथा तू आजवर पाळल्यास?

आणि खरं सांगू, हे सगळं नंतर सुचलं. दुकानात उभी असताना आधी मनात आलं ते वेगळंच होतं. तिचा दुखरा खांदा तिने तुला दिला. मला नुसता दोनचा आकडा दिला.


७ मार्च

ताई,

तुझं उत्तर मिळालं. बसच्या वेळापत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर एवढंच, "तू हात लावलास की ती बरी असते. दुसऱ्याला लावू दे." ना वर काही, ना खाली सही. चार वर्षांनंतरचं पहिलं पत्र असं कुणी लिहितं का?

रविवारनंतर मी काय केलं ते विचारशील. सोमवारी आईला पुन्हा तपासलं. तिला काही न सांगता, नेहमीचा व्यायाम आहे असं दाखवून. मला ते माझ्या हातांना कळायला हवं होतं. तिने तुला सांगितलं म्हणून नाही, तू मला कळवशील म्हणून नाही, मला सापडलं म्हणून. हात मागे नेला. ती हसली. मंगळवारी पुन्हा नेला. पुन्हा हसली, फक्त या वेळी तिच्या पायाचा अंगठा गादीत रुतलेला मी पाहिला. तरीही डॉक्टरांकडे गेले नाही. बुधवारी तुझा कागद आला. तो वाचून मी आधी फाडायला घेतला होता.

मग मोठ्या बाईंकडे गेले आणि म्हटलं, माझी आई पैलवानाकडे द्या. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. तेच जास्त लागलं.

मी पडद्याबाहेर उभी होते. पैलवान मोठ्या आवाजाचा आणि हलक्या हाताचा आहे. त्याने तिला आजी म्हटलं, ती म्हणाली, आजी असेल तुझी आई. त्याने हात मागे घेतला असेल नसेल, आणि आई ओरडली, "अरे मेल्या, निसटतोय तो! सोड, सोड आधी!" आख्खा विभाग थांबला.

पडद्याच्या या बाजूला मला काय वाटलं असेल सांग. काळजी वाटली, वाटायलाच हवी होती. पण त्याच्याही आधी हेवा वाटला. पंधरा मिनिटांची ओळख, आणि त्याला मेल्या.

लगेच सीटी स्कॅन झाला. कपचा जागेवरून खाली घसरला आहे, त्याच्या कडा झिजायला लागल्या आहेत. डॉक्टर म्हणाले, आणखी महिनाभर तसंच गेलं असतं तर तो वापरता आला नसता, दुसरीकडचं हाड कापून खोबणीला लावावं लागलं असतं. अजून जमेल. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी तुमच्या नोंदींवर थांबलो होतो." ते रागावले असते तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर आईला विचारलं, माझ्याशी खोटं का बोललीस. ती ओट्यावरच्या फडक्याची घडी घालत राहिली, एका हाताने. मग म्हणाली, "तू विचारतेस तेव्हा तुझ्या हातात पेन असतं. मी आकडा सांगितला की तू लिहितेस. मला वाटलं, मी जास्त सांगितलं तर तुझेच मार्क जातील."

ताई, तिला वाटलं ती परीक्षा माझी आहे. शाळेपासून तिने मला फक्त परीक्षा देतानाच पाहिलंय ना. माझ्या प्रत्येक परीक्षेच्या वेळी ती दाराबाहेर पाय न वाजवता चालली. यंदा पेपर तिच्या खांद्याचा होता, तिने तो माझ्यासाठी सोडवून दिला.


२१ मार्च

ताई,

ऑपरेशन होऊन आठवडा झाला. फोनवर तिने तुला सांगितलं असेलच, तरी मी माझ्या बाजूने लिहिते.

दुर्बीण घालून, छोट्या छिद्रांमधूनच केलं. कपचा उचलून कडेला बारीक स्क्रूने बसवला आणि फाटलेली मऊ कड धाग्यांनी हाडाला ओढून बांधली. वेळ लागला, पण हाड चांगलं धरलंय म्हणतात. आता सहा आठवडे झोळी. अधूनमधून पैलवान हात धरून थोडासा हलवेल, ठरलेल्या मर्यादेच्या बाहेर नाही. आईने स्वतःहून हात वर घ्यायचा नाही. ओल्या चादरी उचलण्याचं काम बहुतेक संपलं. लाँड्रीने तिला हिशेबनीस बाईंच्या हाताखाली घड्या मोजायला ठेवायचं कबूल केलंय.

विभागात मी आता तिच्या पडद्याच्या आसपासही जात नाही. मोठ्या बाईंनी सांगितलंय म्हणून नव्हे, मीच ठरवलंय. माझी टेबलं दुसऱ्या टोकाला घेतलीत. तिकडूनही ऐकू येतं. पैलवानाने आकडा विचारला की आई म्हणते नऊ. कधी अकरा. तो म्हणतो आजी, दहाच्या वर नसतं. ती म्हणते, तुझा खांदा आहे का?

आमच्याकडे येणाऱ्या सगळ्यांना मी हल्ली पेन खिशात ठेवून विचारते. लिहायचं ते नंतर लिहिते. एवढा एक बदल मी केलाय.

भुलीतून जागी होताना या वेळी तिने कुणाचंच नाव घेतलं नाही. पाणी मागितलं. मी मुद्दाम कान देऊन बसले होते, हे लिहायला लाज वाटते. पण तुला लिहिणार नाही तर कुणाला?


१८ एप्रिल

ताई,

काल घरात भांडण झालं. खरंखुरं. समोरच्यांनी खिडकी लावून घेतली, इतकं.

सुरुवात शर्टापासून झाली. झोळीमुळे आई सध्या पुढून बटणांचा सैल शर्ट घालते. तो घालायचं काम माझं. मी घाईत होते, आणि चांगला हात आधी बाहीत घातला. दुखरा हात आधी घालायचा असतो, हे मी दिवसातून दहा जणांना शिकवते. बाही ओढली गेली आणि आई कळवळली. मला वाटलं, आता ती म्हणणार, असू दे बाळा, दोनच. ती म्हणाली, "आंधळी झालीस का गं ठोंबे? लोकांना शिकवतेस आणि घरात आईचा हात उपटतेस?"

मी काय करावं? मला हसायला आलं. ती आणखी भडकली, दात कसले काढतेस म्हणाली. मी बाही काढून पुन्हा घातली, या वेळी नीट, आणि तेवढ्यात ती म्हणाली की झोळी निघाली की दोन महिने तुझ्याकडे राहायला येणार आहे. तुझ्या गावी दवाखाना जवळ आहे, तुझं घर तळमजल्यावर आहे, आणि तू सगळं ठरवलंयस. माझ्या परस्पर.

मी म्हटलं, जायचं नाही. तुझे व्यायाम इथे चालू आहेत.

"व्यायाम तो पैलवान करून घेतो. तू नाही."

मी म्हटलं, तरी जायचं नाही. चार वर्षं जिने तोंड दाखवलं नाही तिच्याकडे तू जाणार, आणि मी इथे रिकाम्या घराला कुलूप लावत बसणार?

"तू कोण मला सांगणारी?"

"मी तुझी मुलगी."

"मग मुलीसारखी राहा. आवाज खाली."

मी आवाज खाली केला नाही. तिने डाव्या हाताने ताट आपटलं. मी म्हटलं, तुला तीच आवडते. ती म्हणाली, हो, आवडते, काय करणार आहेस? मी म्हटलं, दर रविवारी चोरून बोलतेस, मला सगळं माहीत आहे. ती म्हणाली, माहीत होतं तर मधे तोंड घालायचं ना, इतके दिवस कशाला मुकाट बसलीस. मी रडले, ती रडली नाही. मग तिने मला भाजी वाढायला लावली आणि म्हणाली मीठ कमी आहे, तुला कधी जमणार? मी म्हटलं, जमणार नाही, तूच कर दोन्ही हात आले की. असं जेवण आटपलं.

आज सकाळी ती माझ्याशी बोलत नव्हती. मला हाक मारायची नाही म्हणून मावशीला फोन करून तिच्यामार्फत विचारलं की चहा मिळेल का. मी इतकी आनंदात आहे की पैलवानाने दोनदा विचारलं, पगार वाढला का.

आता तुझ्याशी तोडगा. आई तुझ्याकडे येणार नाही. तूच इथे ये. मधलं दार काढून ठेवलंय, सुतार नेऊन बसायचा बाक करणार आहे त्याचा. तुझ्या बसच्या पाळ्या बदलून घे आणि झोळी निघेल त्या आठवड्यात ये. तुझ्याशी कसं बोलायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही, कदाचित पहिल्याच दिवशी आपलं वाजेल. ते मला चालेल. तुझा राग अजून आहे, तुझा हेवाही आहे, तो काही ऑपरेशनने जाण्यातला नाही. पण आईचा खांदा तुझ्या त्या एका ओळीने वाचला, आणि हे मी पैलवानालाही सांगितलेलं नाही, फक्त तुला सांगतेय.

एकच अट आहे. येईपर्यंत रविवारच्या फोनवर तिच्याशी गोड बोल. भांडू नकोस. सध्या तिच्याशी भांडायची पाळी माझी आहे.

धाकटी